देवाच्या पाठीमागची परी

बकुळाच्या झोपडीला एकच खिडकी होती. तिच्यातून येणारं ऊनसुद्धा घाईत असायचं. जरासं आत डोकवायचं, चुलीतली थंड राख बघायचं आणि आल्या पावली परत जायचं.

त्या खिडकीखाली बकुळाची आई तापाने फणफणून पडली होती. वैद्यबुवा येऊन गेले होते. ते नाडी धरून एकदा 'हं' म्हणाले की माणूस बरा व्हायचा आणि दोनदा 'हं हं' म्हणाले की घरातले रडायला बसायचे, हे सगळ्या कुसरवाडीला ठाऊक होतं. या खेपेला ते एकदा 'हं' म्हणाले, उठले, चपला घातल्या आणि अंगणात पोचल्यावर दुसऱ्यांदा म्हणाले. अंगणातला 'हं' धरायचा की नाही, या काळजीने चिमुकल्या बकुळाच्या घशाखाली पेजेचा घोट उतरेना.

गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती. पोपटी, शेवाळी, काळसर, हिरव्याच्या जितक्या म्हणून छटा असतात तितक्या तिथे एकमेकींच्या गळ्यात हात घालून उभ्या होत्या. पिवळीधमक फुलपाखरं, निळ्या चकचकीत पाठीचे इवले भुंगे आणि मधोमध डोळोबा. डोळोबा म्हणजे शेंदूर लावलेली उंच शिळा आणि तिच्यावर बसवलेले दोन मोठाले पितळी डोळे. भिवाकाका गुरव रोज सकाळी ते चिंचेने घासून लखलखीत करायचे. डोळोबाच्या नजरेसमोर कुणी हिरवं पानही तोडायचं नाही, असा गावाचा नेम होता.

गाव नेमाला अगदी पक्कं होतं. ज्याला फांदी तोडायची असेल तो शिळेच्या मागे जायचा. डोळे पुढे होते आणि देवाला मान वळवता येत नाही, हे गावाने केव्हाच ताडलं होतं. त्यामुळे शिळेच्या पुढची राई घनदाट होती आणि मागे नुसते बुंधे आणि लाल, उघडीवाघडी माती. मागे जाताना लोक पुढून नमस्कार मात्र न चुकता करायचे.

बकुळा राईतून गळलेल्या काटक्या वेचून आणायची आणि त्यांच्या बदल्यात लोक तिला ओंजळभर पीठ द्यायचे. तिची मोळी नेहमी पिटुकली असायची, कारण ती शिळेच्या मागेसुद्धा फांदी तोडत नसे. तिने आईला एकदा विचारलं होतं, "आई, डोळोबाचे डोळे बघतात का गं?"

"पितळ कुठे बघतं, बाळा?" आई म्हणाली होती.

"मग आपण फांदी का नाही तोडायची?"

"झाडाला लागतं म्हणून. आणि उद्या कुणाला तरी सावली लागेल म्हणून."

बकुळाला ते पटलं होतं. तिच्या लेखी जो देव नव्हताच, तो पुढेही नव्हता आणि मागेही नव्हता. झाड मात्र दोन्हीकडे होतं.

गावाला हे ठाऊक होतं आणि फारसं आवडत नव्हतं. शेजारच्या ठमाकाकू तर विहिरीवर घागर आपटून म्हणायच्या, "जिला देवाची भीती नाही, तिचा काय भरवसा? आज काटकी उचलते, उद्या माझी कोंबडी उचलेल!" ठमाकाकूंची मोळी गावात सगळ्यांत जाड असायची आणि ती ओली असायची.

दुपारी भिवाकाका झोपडीत आले. आईच्या कपाळाला हात लावून त्यांनी तो चटकन मागे घेतला.

"पोरी, डोळोबाला नवस बोल. आई बरी झाली तर नारळ देईन म्हणावं. एवढं तर म्हणशील?"

"काका, मला तो तिथे आहे असं वाटतच नाही. मग बोलले तर ते खोटं होईल ना?"

"आईसाठी खोटं बोलावं लागलं तरी बोलावं गं," भिवाकाका हळूच म्हणाले. ते चांगले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

बकुळा राईत गेली. शिळेपुढे उभी राहिली. पितळी डोळे उन्हात झगमगत होते. 'म्हणून टाक,' तिचं एक मन म्हणालं, 'नुसते शब्द तर आहेत!' 'आणि नाही म्हटलं आणि आई गेली तर?' दुसरं मन म्हणालं. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पण जे आईला तोंडावर सांगता आलं नसतं, ते तिला दगडालाही सांगता येईना. ती शिळेला वळसा घालून मागे गेली आणि एका बुंध्यावर बसून हमसाहमशी रडू लागली.

"हळू गं! माझं छप्पर गळतंय," बुंध्यातून कुणीतरी म्हणालं.

बुंध्याच्या ढोलीतून एक परी बाहेर आली. करंगळीएवढी परी! चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख, शेवंतीच्या पाकळीचा झगा आणि केसांत दवाचे मोती. मात्र ती जरा विटलेली होती. पुष्कळ वेळा धुतलेल्या लुगड्यासारखी.

"तू कोण?" बकुळाने डोळे पुसले.

"इथली परी. पुढे देव आहे, म्हणून मला मागची बाजू मिळाली. आम्हाला चांगुलपणावर राहावं लागतं, बाळे. पुढे तो ढिगाने पडलेला असतो, पण मागे? मागे येतात ते कुऱ्हाड घेऊन. तू एकटी वाळक्या काटक्या वेचतेस. त्यांच्यावर मी कशीबशी तगून आहे." परीने मान तिरकी केली. "माझ्यावर तरी विश्वास आहे का तुझा?"

"तू दिसतेस की! त्यात विश्वास कसला?"

परी खुदकन हसली. तिच्या हसण्याने लाल मातीवर सोनेरी ठिपके सांडले. तिने बकुळाच्या ओंजळीत एक थेंब ठेवला. बोराएवढा, मोरपंखी, आतून लुकलुकणारा.

"हा इच्छेचा थेंब. आईच्या ओठांत घाल, ती बरी होईल. पण नियम आहेत. सूर्य डोंगराला टेकायच्या आत तो पोचला पाहिजे. तो फक्त ओंजळीत राहतो, पानावर, वाटीत, पदरात, कुठेच नाही. आणि वाटेत थेंबासाठी म्हणून काही चांगलं केलंस, तर तो काळा पडेल."

"थेंबासाठी म्हणून म्हणजे?"

पण परी ढोलीत शिरली होती. नियम सांगणारे शंका ऐकायला थांबत नाहीत, ही रीत पऱ्यांमध्येही आहे.

बकुळा ओंजळ छातीशी धरून निघाली. पळावं तर थेंब हिंदकळतो, चालावं तर सूर्य पुढे जातो. तेवढ्यात पायवाटेवर मुंग्यांची रांग आडवी आली. बकुळाने उचललेलं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. मुंग्यांना चुकवलं तर ते थेंबासाठी होईल का? आणि नाही चुकवलं तर मुंग्या मरतील! थेंब करडा दिसू लागला. मग तिने स्वतःला विचारलं, 'थेंब नसता तर काल मी काय केलं असतं?' काल तिने मुंग्या चुकवल्याच असत्या. तिने लांब पाऊल टाकलं. थेंब पुन्हा मोरपंखी झाला.

तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याच क्षणी हाक ऐकू आली.

"अगं, कुणी आहे का? मेले गं बाई!"

शिळेमागच्या उताराच्या टोकाला खोल घळ होती. तिच्या कडेला ठमाकाकू लोंबकळत होत्या. फांदी तोडताना पायाखालची माती सुटली होती. तिला धरून ठेवणारी झाडं काकूंनीच एकेक करून घरी नेली होती. आता एक उरलंसुरलं मूळ दोन्ही हातांनी धरून त्या कशाबशा टिकल्या होत्या, आणि मूळ सावकाश मातीतून बाहेर येत होतं.

बकुळाने गावाकडे तोंड करून जीव खाऊन हाका मारल्या. ओ आली नाही.

"बघतेस काय, बये? हात दे!" ठमाकाकू ओरडल्या. मग बकुळाची मिटलेली ओंजळ बघून त्यांचा आवाज चिरकला. "देवाला मानत नाहीस, आता माणसालाही मानायची नाहीस का? जा, जा निघून! तुला ना पापाची भीती, ना कुणाची. गेलीस तरी कोण विचारणार आहे तुला?"

खरंच होतं ते. कुणीही विचारणार नव्हतं. पितळी डोळे तिकडे पुढे बघत होते. परी ढोलीत होती. काकू घळीत पडल्या असत्या, तर गाव म्हणालं असतं, पाय घसरला. सूर्य डोंगरापासून वीतभर उरला होता आणि ओंजळीत आईचा श्वास लुकलुकत होता.

'आई,' ती मनात म्हणाली, 'आई, मी काय करू?' तापातली आई कुठून उत्तर देणार? पण बकुळाला एवढं कळत होतं, की आज काकूंना सोडून ती घरी गेली, तर आयुष्यभर आईकडे वर मान करून बघता येणार नाही. आणि हे दुसऱ्या कुणाला कळलं नाही तरी तिला कळेल.

मुळाने कट्ट असा आवाज केला.

बकुळाने ओंजळ उघडली. मोरपंखी थेंब लाल मातीवर पडला, एकदाच लुकलुकला आणि जिरून गेला. तिने दोन्ही हातांनी काकूंचं मनगट धरलं, टाचा बुंध्याला रोवल्या आणि ओढलं. तळहात सोलले, खांदे भरून आले, पण तिने सोडलं नाही. शेवटी ठमाकाकू घोरपडीसारख्या सरपटत वर आल्या.

"डोळोबाने वाचवलं गं बाई!" त्या धापा टाकत म्हणाल्या.

बकुळा सोललेल्या तळहातांकडे बघत होती.

काकूंनीही तिकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडला. "पोरी... काय होतं गं ओंजळीत?"

"आईचं औषध," बकुळा म्हणाली आणि पळत सुटली.

सूर्य डोंगराला टेकला. बुडाला. जांभळ्या संधिप्रकाशात बकुळा रडत, ठेचकाळत धावत होती. 'मी आईला सांडून आले, मी आईला सांडून आले,' एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. झोपडीचं दार तिला ढकलवेना. आत काय दिसेल, या भीतीने ती उंबऱ्यावरच गोठली.

मग तिने दार ढकललं.

आत भिवाकाका आईच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसले होते. "डोळोबाला सांगून आलोय," ते ओशाळून म्हणाले, "आज दिव्याला उशीर होईल म्हणून. काही बोलला नाही तो." मग त्यांनी आईच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. "पोरी! ताप उतरलाय. आत्ताच, दिवस बुडता बुडता घाम फुटला बघ! मी गरम पाणी आणतो." आणि ते लगबगीने आपल्या घराकडे गेले.

खिडकीत लख्ख उजेड पडला. परी तिथे बसली होती. आता ती विटकी नव्हती, नखशिखांत लखलखत होती. गुलाबी, केशरी, चंदेरी!

"थेंब तर सांडला," बकुळा पुटपुटली. "नियम मोडला मी."

"मोडलास. पण नियमाखाली एक पोटनियम आहे. दुसऱ्यासाठी सांडलेला थेंब मुळात ज्याच्यासाठी होता, त्याच्याकडे आपण होऊन पोचतो."

बकुळाला आनंद झाला आणि रागही आला. "मग आधी का नाही सांगितलंस? माझा जीव जायची वेळ आली!"

"आधी सांगितलं, तर जो तो वेशीवर जाऊन थेंब सांडेल आणि पावती मागेल."

बकुळाने जरा विचार केला. मग हळूच विचारलं, "आणि पोटनियम नसता तर?"

परीच्या पंखांची फडफड थांबली. "तर आज फार वाईट झालं असतं, बाळे. तरी तू काकूंना ओढून काढलं असतंस?"

बकुळाने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. पण खोटं बोलायचं तिला अजूनही जमत नव्हतं.

"ओढलं तेव्हा मला तर पोटनियम नाहीच असं वाटलं होतं," ती म्हणाली.

परीने उडून तिच्या सोललेल्या तळहातांवर इवलीशी फुंकर मारली. आग थांबली. "मी आता दुसऱ्या गावी जाते. तिथेही देवाची एक मागची बाजू आहे. मी गेले की इथे मागे बघणारं कुणीच उरणार नाही हं."

"मी असेन की," बकुळा म्हणाली.

त्यावर परी इतकी हसली, की तिचा झगा, पंख, मोती सगळ्यांचा मिळून एकच उजेड झाला. तो खिडकीभर पसरला, चुलीवर, मडक्यावर, आईच्या पांढऱ्या ओठांवर सोनेरी होऊन क्षणभर थांबला आणि चांदण्यांच्या बाजूला निघून गेला.

आईने डोळे उघडले.

"बकू," ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "किती वेळ उभी आहेस? काही खाल्लंस का?"

दारात कुणीतरी खाकरलं. लंगडत आलेल्या ठमाकाकू पेजेचं भांडं घेऊन उभ्या होत्या आणि आत यावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

"या ना, काकू," बकुळा म्हणाली आणि बसायला गोणपाट पुढे सरकवलं.