विहिरीतला जोड

“पण सर, यात चूक ती कोणती?”

सुमेधचा आवाज जरा चढलाच. सांडपाणी उपसायच्या भूमिगत केंद्राचा आणि त्यातल्या वीजजोडणीचा आराखडा त्यानं जीव ओतून केला होता. खरवंडीकर सरांची सही झाली की खोदकाम सुरू. सरांच्या हाताखाली शिकून आपण त्यांच्याही पुढे गेलो, असं त्याला वाटत होतं. त्या वयात वाटतंच तसं.

सरांनी कागदावर बोट ठेवलं. “हा डबा?”

“पंपाची केबल वरच्या केबलला इथं जोडायची, सांडपाणी साठतं त्या विहिरीच्या आतच. डब्यात पाणी शिरणार नाही, ठिणगी बाहेर येणार नाही. बाजारातला सगळ्यात भारी डबा आहे.”

“बरं...”

सर उठून शेजारच्या जुन्या केंद्राकडे गेले, सुमेध कागद घेऊन मागोमाग. विहिरीचं झाकण दोघांनी मिळून सरकवलं. भपकारा आला तसा सुमेध मागं सरला.

सरांनी खिशातली पक्कड त्याच्या हातात ठेवली.

“हिच्यातही असाच डबा आहे. उघडून ये.”

सुमेधनं आत डोकावून पाहिलं.

“असं कसं उतरणार, सर? आधी वीज तोडायला हवी. विषारी वायू तपासायचा, आत ताजी हवा सोडायची, कमरेला पट्टा, वर ओढायला माणसं...”

“आणि पंप बंद पडून मैला लोकांच्या मोरीत चढला, साहेबांचे फोनवर फोन यायला लागले, तेव्हा ही जमवाजमव कोण करतं?”

सुमेधनं पक्कड खाली ठेवली.

“‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी आपणच लावतो, आणि पंपवाल्याला म्हणतो, उतर पटकन.”

सुमेधला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. त्यानं सरांच्या मदतीनं झाकण पुन्हा लावलं, तिथंच बसकण मारली, कागद मांडीवर पसरला आणि खोडायला लागला.

“जोड वर घेतो, जमिनीवर, मोकळ्या हवेत. पंपापासून तिथपर्यंत केबल अखंड. ती ज्या नळीतून वर येते तिच्यातून वायू विजेच्या पॅनेलात शिरू नये म्हणून नळीचं तोंड पक्कं बुजवतो. पंप बिघडला तर साखळीनं वर ओढायचा. केबल जास्त लागली तर लागू दे, साहेबांशी मी भांडेन. या विहिरीत माणूस उतरणार नाही, सर. कधीच नाही.”

सरांनी कागद बराच वेळ न्याहाळला. सुमेधनं पेन पुढे केलं.

सरांनी ते घेतलं, पण टोपण काही काढलं नाही.

“मग विहिरीच्या भिंतीला ही शिडी कुणासाठी काढलीस?”