पॅकार्डला तीट

“…ते खरं, बाबा. पण नजर लागू नये म्हणून नक्की करायचं काय?”

धोंडगिरी बाबांनी धुनीवरचं चहाचं पातेलं उतरवलं. “कुणाला?”

“गाडीला.”

बाबांनी माळाखालच्या वाटेकडं बघितलं. “त्या लॉरीला?”

“लॉरीला नाही. लॉरीवरच्या गाडीला.”

लॉरीवर काहीतरी भलंमोठं, पांढरं कापड पांघरून बसलं होतं.

“गाडी गाडीत बसून आली?”

“रस्ता खडीचा आहे, बाबा. दगड उडतात.”

“हां…” म्हणाले बाबा, आणि चहा गाळायला लागले.

हा विचारणारा हिंदुराव चौगुले म्हणजे कोल्हापूरकडचा फौंड्रीवाला. माणूस कामाचा, पण ह्या एका गाडीपायी पार वाया गेलेला. गाडी अमेरिकन, पॅकार्ड. तिकडं मंदी आली होती, माणसं पावाच्या तुकड्यासाठी रांगा लावून उभी होती, त्या दिवसांत घडवलेली. कुणाच्या पोटाला नसलं म्हणून कुणाचं मिरवायचं थांबत नाही. इकडच्या एका संस्थानिकानं ती मागवली, वरचा कापडी टप दुमडून हवा खात फिरला. पुढं संस्थान गेलं, गाडी खोपटात पडली आणि तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

हिंदुरावानं ती तिथनं उचलली. मिळेना तो भाग स्वतःच्या फौंड्रीत ओतला. रंग हातानं घासून घासून असा चढवला की त्यात तोंड बघून दाढी करावी. आत लाल कातडं, चाकांना पांढऱ्या काठाची टायरं. मग प्रदर्शनात तिला चषक मिळाला आणि तिथनं ह्याची झोप उडाली. लिंबूमिरची बांधायची तर लिंबाचा रस चकाकीवर ठिबकेल, म्हणून ह्यानं प्लास्टिकची बांधली. आता असल्या माणसाला काय म्हणावं?

“पळती का?” बाबांनी विचारलं.

“पळते की. अंगणात फिरवतो मी.”

“बसतंय कोण?”

“…कोण नाही.”

“आणि ते कोण उतरतंय?”

लॉरीच्या केबिनमधनं ड्रायव्हरच्या खांद्याला धरून एक म्हातारी खाली येत होती. हिंदुरावाची आई, आक्काताई. गुडघे गेलेले, दम लागतोय, पण तोंडातलं पान काही सुटलेलं नाही. माळ चढून आली आणि धुनीपाशी बसलीच.

“महाराज, ह्याला सांगा काहीतरी. मला त्या गाडीत एकदा बसायचंय.”

“आई, आत्ता नको.”

“आत्ता नको, मग कवा? मी पोरगी होते तवा राजाची ही गाडी आमच्या गावावरनं गेली, महाराज. सगळं गाव वाटंवर हुबं. ही धूळ उडाली, आणि मी डोळं मिटलं. उघडलं तर गाडी गेलेली. आता घरात आलीया, तर हा तिला कापड घालून ठेवतोय.”

“आई पान खाते, बाबा,” हिंदुराव हळूच म्हणाला. “आत कातडं आहे…”

“लालच हाय की कातडं. माझं पान काय हिरवं थुकतंय?”

बाबांच्या मिशा हलल्या.

“मला लॉरीतनं आणलीया,” म्हातारी म्हणाली, “उद्या लॉरीतनंच पोचवा. लांब न्हाई ते.”

हिंदुरावानं मान खाली घातली. हे त्याला झोंबायचं. डॉक्टरनं गेल्याच महिन्यात त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, म्हातारीच्या काळजाचा भरवसा धरू नका. आईला बसवावं असं त्याला रोज वाटायचं. रोज तो कापडाला हात घालायचा, आणि छाती अशी धडधडायची की हात आपोआप मागं यायचा.

“उतरव खाली,” बाबा म्हणाले. “नजर लागण्याजोगं काय हाय, बघू तरी.”

ड्रायव्हरनं फळ्या लावल्या. हिंदुरावानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः चाक धरून गाडी उतरवली. मग कापड काढलं. उन्हात गाडी अशी झळकली की ड्रायव्हरनं तोंडातली विडी काढून मागं लपवली.

बाबा म्हातारीला धरून माळ उतरले आणि गाडीभोवती एक फेरा मारून आले.

“आक्का, हा लहानपणी कसा होता?”

“हिंदू व्हय? गोरापान. लोण्याचा गोळा. बायका बघत बसायच्या.”

“मग तू काय करायचीस?”

“काय करणार? काजळाचं बोट लावायची गालाला. तीट.”

“रडायचा?”

“हा कशाला रडतोय. माझाच जीव थाऱ्यावर यायचा.”

बाबांनी चहाचं पातेलं आणलं आणि म्हातारीपुढं उपडं धरलं. बूड काळंकुट्ट. “घे काजळी. लाव पोराच्या गाडीला.”

“बाबा, रंग…” हिंदुराव पुढं आला.

“पुसून निघंल की,” म्हातारी म्हणाली.

तिनं बोट काळं केलं. गाडीच्या दाराशी गेली, वाकली, आणि लेकराच्या गालाला लावावं तसं हलकं बोट टेकवलं. तेवढ्यात गुडघ्यानं दगा दिला. तोल गेला, हात दारावर आपटला, आणि मनगटातली जुनी पाटली रंगावरनं खाली घसरत गेली.

कर्रर्र.

हिंदुरावाचा हात स्वतःच्या गालावर गेला.

ड्रायव्हर लॉरीच्या आड झाला. दारावर वीतभर चरा, आत पांढरा पत्रा दिसत होता. म्हातारीचं तोंड एवढंसं झालं.

“हिंदू… चरा गेला रं बाळा.”

हिंदुराव गाल धरून तसाच उभा.

बाबा जवळ आले. त्याचा हात धरून गालावरनं खाली घेतला. “बघू. रक्त आलंय का?”

आणि हिंदुरावानं, एवढ्या मोठ्या फौंड्रीच्या मालकानं, खरोखर आपला तळवा निरखून बघितला.

तळवा कोरडा होता.

त्यानं चऱ्याकडं बघितलं, परत तळव्याकडं बघितलं. ज्या घटकेच्या भीतीनं रात्री उठून उठून शेडचं कुलूप तपासलं, ती घटका आली होती आणि गेलीही होती. छाती धडधडत नव्हती. किती दिवसांनी पोटापर्यंत श्वास गेला कुणास ठाऊक. त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो फूटबोर्डावर मटकन खाली बसला. ह्याच फूटबोर्डाला पाय लावला म्हणून त्यानं एकदा सख्ख्या मेव्हण्याला घराबाहेर काढलं होतं.

“ए आई,” तो म्हणाला, “लागलं का तुला?”

“मला कशाला लागतंय. पाटली वाकली जरा.”

“ऊठ. बस आत.”

“पान थुकू का?”

“असू दे.”

त्यानं टप दुमडला. दोन्ही हातांनी उचलून म्हातारीला लाल गादीवर ठेवली, पदर दारात अडकत नाही ना ते बघितलं. म्हातारी ताठ बसली, राजाची थोरली राणी असल्यासारखी, आणि ड्रायव्हरला म्हणाली, “बघतोयस काय? फळ्या भर.”

इंजिन सुरू झालं. माळाखालनं पुढं गेलेला तो सगळा खडीचा रस्ता हिंदुरावाला समोर दिसत होता. त्यानं चाकावर हात ठेवले आणि थांबला.

“बाबा, वाटेत आणखी एखादा चरा पडला तर?”

बाबा पातेलं घेऊन धुनीकडं निघाले होते. वळलेसुद्धा नाहीत.

“पडू दे की. आता पडंल तो गाडीला पडंल.”