झिपऱ्याचं अठरावं नख

एका राज्यात पाण्याला दार होतं, आणि ते दार उघडायचा मान एका कुत्र्याकडे होता. राजवाड्याच्या तळघरात झरा, झऱ्यावर काळ्या दगडाचं दार. रोज सकाळी कुत्र्यानं उंबऱ्यावर पंजा सपाट टेकवावा, दातांनी साखळी ओढावी, की दार सरके आणि नगरातल्या घरोघरी रांजण भरत. कुत्र्याचं नाव झिपऱ्या. वय दीडशे वर्षं. डोंगरातल्या जखिणीनं तो राजाच्या पणज्याला दिला होता, आणि सोबत एक ताम्रपट दिला होता. ताम्रपट देवघरात ठेवला गेला. त्याला रोज हळदकुंकू वाहिलं जाई. वाचला मात्र कुणी नाही. का वाचतील? वाचलं तर तसं वागावं लागतं ना!

आता ऐका, हे शहाणे लोक काय करत. दर अमावास्येला झिपऱ्याची नखं काढायची आणि दात घासायचे, अशी आताच्या राजा दर्पसेनाची आज्ञा. आज्ञा वाईट नव्हती हो. नखं वाढली की पंजा टेकत नाही, दात किडले की साखळी ओढवत नाही. पण रीत काय, तर अंगणात तुतारी वाजवायची, नगारा बडवायचा, कारण राजाचा कुत्रा तो, त्याच्या मानाला शोभलं पाहिजे. आणि तुतारी थांबते न थांबते तोच त्याला जमिनीवर पाडून, गुडघा मानेवर ठेवून, नराणीनं नखं खुडायची. नखाच्या मुळाशी जिव्हाळी असते. तिला धार लागली की रक्त येतं आणि ब्रह्मांड आठवतं. झिपऱ्यानं मग तुतारी ओळखली. तुतारी म्हणजे दुखणं, एवढं त्याला पक्कं ठाऊक झालं. तो गुरगुरू लागला. लोक म्हणाले, कुत्रा माजला. त्यांनी आणखी जोरात दाबला.

ज्यानं दाबला त्याचे हात मनगटापासून दगडाचे झाले. पहिल्याचे झाले, दुसऱ्याचे झाले. अकरा माणसांचे हात दगड झाले आणि दोष कुणाचा म्हणे? कुत्र्याचा! मला तर सांगतानासुद्धा संताप येतो.

बारावा माणूस बिरू धनगर. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याचा हात हलका. प्रधान वज्रदंष्ट्र म्हणाला, "मेंढी कातरतोस, मग कुत्रा काय अवघड?" बिरू म्हणाला, "चार दिवस द्या, त्याची ओळख होऊ द्या." प्रधान म्हणाला, "ओळख कसली काढतोस? धर आणि काप." बिरूनं धरला. त्याचे हात दगड झाले.

त्या दिवसापासून त्याची बायको तुळसा त्याला घास भरवू लागली. पाणी पाजायचं तिनं, मुंडासं बांधायचं तिनं. बिरू मान खाली घालून तोंड उघडी.

इकडे झिपऱ्याला आता कुणी हात लावीना. नखं वाढून वाकडी झाली आणि पंजात रुतली. दात काळे पडले. पंजा सपाट टेकेना, साखळी ओढवेना, दार उघडेना. नगराच्या साठवणीच्या तलावात महिन्याभराचं पाणी उरलं. प्रधानानं सल्ला दिला, "कुत्रा मारावा, म्हणजे दार आपोआप उघडेल." राजा दर्पसेनाला तो पटला. सोपा सल्ला राजांना लगेच पटतो.

तुळसा दरबारात उभी राहिली. "महाराज, कुत्रा मारू नका."

"मग दार कोण उघडील?"

"तोच उघडील. मला महिना द्या."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर माझ्या नवऱ्याचे हात जन्मभर दगडाचे राहतील. याहून मोठी शिक्षा तुमच्याकडे असेल तर सांगा."

राजानं महिना दिला. तिसाव्या दिवशी भर दुपारी तलवार, असंही सांगितलं.

अंगणातल्या पारिजातकावर एक साळुंकी राहत असे. तिला माणसांची भाषा येत होती, पण तिच्याशी बोलावं असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. तुळसेनं तिला बाजरीचे दाणे टाकले आणि विचारलं, "बाई, तू सगळं पाहिलंस. मी काय करू?"

साळुंकी म्हणाली, "तीन कामं आहेत. ताम्रपट ऐक. तोंडातला काळोख धू. अठरा नखं उतरव. यातलं एकही काम जबरदस्तीनं झालं, तर तुझेही हात जातील."

तुळसा देवघरात गेली. ताम्रपटावर पितळी नाग वेटोळं घालून बसला होता. तो म्हणाला, "शंभरावर वर्षं कुंकू पडतंय माझ्या डोळ्यांत. तू काय वाहायला आलीस?"

"काही नाही. यात काय लिहिलंय ते ऐकायला आले. मला वाचता येत नाही."

नाग खूश झाला. त्यानं फणा काढून वाचलं: "हात पुढे करा आणि थांबा. तो आला तर शिवा. तो मागे सरला तर सोडा. जो दाबील त्याचा हात दगड होईल. ज्यानं दाबायला लावलं, त्यानंच शेवटचं नख उतरवावं. तेव्हा सारे हात सुटतील."

"एवढंच?" तुळसेनं विचारलं.

"एवढंच," नाग म्हणाला.

बघा म्हणजे! चार ओळी, आणि त्या न वाचता बारा माणसांचे हात घालवले.

दुसरं काम सुरू झालं. झिपऱ्या अंगणातल्या पाण्याच्या दगडी डोणीमागं दडून बसे. तुळसा दहा हात लांब बसली, तळहात उघडा ठेवून. पहिले चार दिवस तो नुसता गुरगुरला. पाचव्या दिवशी त्यानं नाक बाहेर काढलं. सातव्या दिवशी येऊन तिचा तळहात हुंगला. तिनं बोट हलवलं नाही. मग तिनं हाडं उकळून त्यांचं आळणी पाणी केलं, सुती चिंधी त्यात बुडवून बोटाला गुंडाळली आणि बोट पुढे धरलं. त्यानं चाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं ओठ जरासा उचलला आणि लगेच सोडला. तिसऱ्या दिवशी एक सुळा पुसला. त्यानं मान फिरवली की तिचं बोट मागे. प्रधान खिडकीतून पाहून हसे आणि म्हणे, "एका दाताला एक दिवस! हिला वेड लागलंय." सोळाव्या दिवशी झिपऱ्यानं आपण होऊन तोंड उघडलं. तिनं सगळे दात मागपासून पुढपर्यंत घासले. काळोख धुऊन गेला आणि दात शंखासारखे दिसू लागले.

तिसरं काम नखांचं. तिनं नराणी आधी त्याच्या जेवणाच्या थाळीशेजारी नुसती ठेवली. मग ती पंजाला टेकवली आणि उचलली. मग नखाच्या टोकाची कपची काढली, पातळ, कांद्याच्या सालीएवढी. जिव्हाळीला धक्का नाही. एक कपची, एक मांसाचा तुकडा. पंजा मागे घेतला तर त्या दिवसापुरतं काम बंद. चोविसाव्या दिवसापर्यंत अकरा नखं उतरली.

ही बातमी राजाला कळली. राजाला आनंद झाला. आणि आनंद झाल्यावर या माणसानं काय करावं? पंचविसाव्या दिवशी सकाळी, बारावं नख चालू असताना, तो लवाजम्यासह अंगणात आला आणि कुत्र्याच्या सन्मानार्थ त्यानं तुतारी वाजवायला लावली. तुतारी, बरं का! झिपऱ्या किंचाळला, तुळसेच्या हाताला दात लागले, आणि तो डोणीमागं गेला तो गेलाच.

तुळसा उठली. हातातून रक्त गळत होतं. ती राजासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं मुजरा केला नाही.

"मी त्याचा मान केला," राजा म्हणाला.

"त्याचा नाही, तुमचा. मान त्याच्या नावानं आणि वाजंत्री तुमच्यासाठी. महाराज, बारा घरांत बायका नवऱ्यांना घास भरवतायत. बारा! तुम्ही कधी कुणाच्या दाराशी गेलात? कुणी एकदा तरी विचारलं का त्या मुक्या जिवाला, की बाबा, तुला कशाची भीती वाटते? थांबायचं होतं नुसतं. त्याला ना सैन्य लागतं ना खजिना. तेवढंही तुमच्यानं झालं नाही."

प्रधानानं तलवारीला हात घातला. राजानं त्याला अडवलं. राजाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो तसाच परत गेला.

पाच दिवस उरले. तुळसा पुन्हा तळहात उघडून बसली, हाताला पट्टी बांधून. या वेळी झिपऱ्यानं सात दिवस घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाली मान घालून आला आणि तिची पट्टी चाटत बसला. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यानं पंजा आपण होऊन तिच्या मांडीवर ठेवला. एकोणतिसाव्याला सतरा नखं उतरली होती. पुढच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख तेवढं राहिलं. ते वळून कातड्यात घुसलं होतं, आणि ते तिच्या हातून उतरणार नव्हतं. दाबायची आज्ञा राजाची, म्हणून ताम्रपटातली शेवटची ओळ तिनं राजाला कळवली.

तिसाव्या दिवशी राजा आला. एकटा, अनवाणी, मुकुटाशिवाय. तुतारीवाल्याला त्यानं वेशीबाहेर पाठवलं होतं. तो फरशीवर बसला, उघडा हात पुढे केला आणि थांबला. एक प्रहर गेला. राजाचे पाय बधिर झाले, माशा तोंडावर बसल्या, पण त्यानं हात हलवला नाही. तलवारीची वेळ झाली तसा प्रधान दारात येऊन खाकरला. राजानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

झिपऱ्या उठला. लंगडत आला. राजाचा तळहात हुंगला, परत वळला, पुन्हा आला, आणि पंजा हातावर ठेवला. तुळसा म्हणाली, "पातळ कपची घ्या. तो ओढील तर सोडा." त्यानं तीनदा ओढला, राजानं तीनदा सोडला. चौथ्यांदा नख उतरलं.

झिपऱ्या तळघरात गेला. पंजा सपाट टेकला. दातांनी साखळी ओढली. दार सरकलं आणि पाणी नगरात गेलं. रांजण भरू लागले.

राजानं प्रधानाला नराणीला धार लावायच्या कामावर बसवलं. ताम्रपटावरचं कुंकू पुसून तो चव्हाट्यावर रोज मोठ्यानं वाचायची आज्ञा केली. तुतारी लढाईपुरती उरली.

आणि तुळसा घरी गेली. बिरू उंबऱ्यात बसला होता आणि आपली बोटं उघडत मिटत होता. ती चुलीपाशी बसली, भाकरी केली, आणि सवयीनं घास मोडून त्याच्या तोंडाशी न्यायला वळली. तोवर बिरूनंच एक घास मोडला होता. तो त्यानं तिच्यापुढे धरला आणि ती तोंड उघडीपर्यंत थांबला.