खालची वेस

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठी एक तटबंदीचे नगर होते. लहान असाल तर मांडी घालून ऐका, मोठे असाल तर हातातले काम चालू ठेवून ऐका. पण ऐका जरूर, कारण त्या नगरात एक वाईट गोष्ट राजरोस चालली होती आणि ती वाईट आहे असे पुष्कळ दिवस कुणाला वाटतही नव्हते.

एका वर्षी त्या नगराच्या दाराशी दोन जमाती येऊन उभ्या राहिल्या. एक डोंगरातून आली होती. तिकडे पाऊस रुसला होता आणि गवत मुळापासून जळून गेले होते. हे लोक मेंढ्या पाळत आणि घोंगड्या विणत. दुसरी समुद्रकाठाहून आली होती. तिकडे भरतीने गावेच्या गावे गिळली होती. हे लोक दोर वळत. दोन्ही जमाती उपाशी होत्या. दोन्हींच्या पायांना सारखेच फोड आले होते.

राजाने दोघांनाही आसरा दिला आणि जागा नेमून देण्याचे काम प्रधानावर सोपवले. प्रधानाने घोंगडीवाल्यांना नदीच्या वरच्या अंगाला, गवताळ उतारावर बसवले. दोरवाल्यांना त्याने नगराच्या खाली, रंगाऱ्यांच्या मोऱ्यांचे पाणी साचते त्या दलदलीत बसवले. असे का, तर घोंगडीवाले दाराशी थोडे पुढे उभे होते. दुसरे काहीही कारण नव्हते.

वरच्या वस्तीची वाट वरच्या वेशीतून थेट बाजारात जाई आणि ती वेस पहाटे उघडे. खालच्या वस्तीची वाट खालच्या वेशीतून जाई. ती वेस उघडे भर दुपारी, नगराचा केरकचरा तिथून बाहेर काढून झाल्यावर.

वर्षे गेली. घोंगडीवाल्यांची घरे दगडी झाली. दोरवाल्यांच्या झोपड्या झोपड्याच राहिल्या.

मग प्रधानाने एक प्रथा पाडली. दरवर्षी सुगी झाली की दरबारात ‘तुळेचा दिवस’, म्हणजे दोघांना तोलण्याचा दिवस, साजरा होई. दोन्ही जमातींच्या म्होरक्यांना समोरासमोर उभे करीत आणि प्रधान खणखणीत आवाजात म्हणे, “महाराज, दोघे एकाच दिवशी आले. दोघांना आपण सारखंच दिलं. एक कष्टाळू, तो वर आला. एक आळशी, तो खालीच राहिला. यात राज्याचा काय दोष?”

राजा मान डोलवी. घोंगडीवाल्यांच्या म्होरक्याला रेशमी शेला मिळे. दोरवाल्यांना मिळे वर्षभराची वेठबिगार, तटाचे दगड वाहण्याची.

घोंगडीवाल्यांच्या म्होरक्याचे नाव हैबती. माणूस सरळ होता. पहिल्या वर्षी शेला घेताना तो अवघडला होता. दुसऱ्या वर्षी थोडा कमी अवघडला. पुढे पुढे त्याला ते भाषण खरे वाटू लागले. दोरवाल्यांचा कुणी रस्त्यात भेटला की तो मनाशी म्हणे, हात हलवायला नको यांना.

एके वर्षी तुळेच्या दिवसाआधी प्रधानाने हैबतीला वाड्यावर बोलावले.

“हैबतीबाबा, खालच्या वस्तीत मोऱ्यांच्या पाण्याचं ते तळं आहे ना, ते बुजवायचं ठरवतोय. तुम्हाला तिथे नवा मेंढवाडा करून देतो.”

“आणि दोरवाले?”

“त्यांना तळं असून काय दिवे लागले? तुम्ही फक्त दरबारात एक वाक्य बोला. ‘आम्हालाही तेवढंच मिळालं होतं, आम्ही राबलो.’ तुमच्यासारखा परक्या मुलखातून आलेला माणूस बोलला की कुणाला शंका उरत नाही.”

हैबती घरी आला. त्याचा जावई बिरोजी तर खुशीत आला. “सासरेबुवा, एका वाक्यात मेंढवाडा. एवढं स्वस्त तर कांदेही मिळत नाहीत.”

बायको गिरजा लोकर पिंजत होती. ती म्हणाली, “जागा घेण्याआधी बघून तरी या. नाहीतर तुम्ही न चाखता मीठ घालणारे.”

म्हणून हैबती जागा बघायला खाली उतरला.

तळ्याकाठी दोरवाल्यांची म्होरकी पोवळी गुडघाभर पाण्यात उभी होती. समुद्रकाठी ही माणसे नारळाच्या सोडणांतल्या काथ्याचे दोर वळत. इथे नारळ नव्हता. मग ती अंबाडीचे दोर वळायला शिकली. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात कुजत घालायच्या, साल सुटली की सोलून धाग्यांचा वाख काढायचा आणि त्याचा दोर वळायचा. हे एवढे एक तळे गेले की त्यांचे काम संपले, आणि काम संपले की चूलही.

पोवळीने त्याच्या हातातली मोजायची काठी पाहिली.

“या बाबा. जमीन मोजायला आलात वाटतं. मापं घ्या, पण वास सोसेल ना तुम्हाला?”

“बघायला आलोय नुसता.”

“बघण्यासारखं काही नाही इथं. आम्ही आळशी माणसं. वर्षातून एकदा दरबारात येतो, तेवढंच आमचं दर्शन.”

हैबतीला ते लागले. तो म्हणाला, “पोवळीबाई, रागावू नका, पण आपण एकाच दिवशी आलो. आम्ही दगडाची घरं बांधली. तुम्ही का नाही बांधलीत?”

पोवळीने हातातली पेंढी पाण्यावर आपटली आणि काठावर आली. “तुमच्यात एखाद्याची मेंढरं रोड दिसली, तर आधी त्याला आळशी म्हणता की तो कुठं चारतो ते बघता?”

हैबतीने मोजायची काठी काठावर आडवी ठेवली.

“उद्या बाजाराचा दिवस आहे,” पोवळी म्हणाली. “माझ्या पोराचा पाय तटाचा दगड पडून सुजलाय. माझ्याबरोबर एक वेटोळं घेऊन चला. मग मेंढवाडा बांधा, देऊळ बांधा, काय हवं ते बांधा.”

दुसऱ्या दिवशी हैबती खांद्यावर दोराचे वेटोळे घेऊन खालच्या वेशीशी उभा राहिला. पहाटेच आला होता. वेस बंद. ऊन वर चढले. आतून कचऱ्याच्या गाड्या निघत राहिल्या आणि दोरवाले भिंतीला टेकून वाट पाहत राहिले. त्यांना पाहून हैबतीला आठवले, याच वेळी वरच्या वाटेने जाताना त्याने त्यांना कितीदा असे टेकलेले पाहिले होते आणि पुढे जात म्हटले होते, बघा, बसलेत.

पहारेकऱ्याने हैबतीला ओळखले. “बाबा, तुम्ही इथं कसे? वरच्या वेशीनं जा ना. हे तुमचं दार नव्हे.”

“आज दोर विकायला आलोय.”

“मग थांबा,” पहारेकरी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “आणि गाडीच्या वाटेतून बाजूला व्हा.”

वेस उघडली तेव्हा बाजार उठत आला होता. गिऱ्हाइके जेवायला घरी गेली होती. एक व्यापारी तेवढा पथारी गुंडाळत होता. त्याने दोर हातात घेऊन ओढून पाहिला. दोर पक्का होता. तरी तो म्हणाला, “मातीमोलानं द्यायचा तर दे, नाहीतर घरी ने.” पोवळीने देऊन टाकला. मग मिळालेली नाणी तिने हैबतीच्या तळहातावर मोजून दाखवली.

घरी येताना हैबतीची कानशिले तापली होती. त्याला प्रधानाचा राग आला होता. पण त्याहून जास्त राग आला होता तो घरी पेटीत घडी घालून ठेवलेल्या शेल्यांचा.

त्याच्या डोंगरात एक जुनी रीत होती. एका धनगराचा कळप धष्टपुष्ट आणि दुसऱ्याचा रोड दिसला, तर दुसऱ्याला कुणी नाव ठेवीत नसे. आधी दोघांनी कुरणांचा पालट करायचा. याने त्याच्या रानात चारायचे, त्याने याच्या. एक पाऊस तसा जाऊ द्यायचा आणि मगच तोंड उघडायचे. नगरात येऊन हैबती ही रीत विसरला होता. पोट भरले की माणूस पहिल्यांदा असल्या गोष्टी विसरतो.

तुळेचा दिवस आला. प्रधानाने भाषण केले. मग त्याने हैबतीला खूण केली.

हैबती पुढे झाला. “महाराज, प्रधानजी म्हणतात दोघांना सारखंच दिलं. मग आमच्या रीतीप्रमाणे पालट करू द्या. पुढच्या तुळेपर्यंत आम्ही खालच्या वस्तीत राहतो, हे वरच्या. वेशीही तशाच पालटू. आम्ही कष्टाळू आहोत, तिथंही वर येऊ.”

बिरोजी मागून कुजबुजला, “सासरेबुवा, जीभ आवरा.”

प्रधानाच्या कपाळाला आठ्या पडल्या. “महाराज, कशाला उगाच यातायात?”

“सारखंच दिलं आहे ना?” राजा म्हणाला. “मग यात कुणाचं काय जातंय? होऊ द्या.”

प्रधानाने मान तुकवली. स्वतःच्याच तोंडच्या शब्दांनी त्याला बांधून घातले होते.

त्या रात्री घोंगडीवाल्यांच्या वस्तीत हैबतीला बोल लावला नाही असा कुणी उरला नाही. पण तो म्होरक्या होता आणि त्याने दरबारात शब्द दिला होता. गिरजाने सामान बांधले. “शेले न्यायचे का?” एवढेच तिने विचारले. हैबती म्हणाला, “ओल पुसायला घे.”

खाली जे व्हायचे ते झाले. दलदलीत उभे राहून मेंढ्यांचे खूर कुजले. रंगाऱ्यांच्या पाण्यात धुतलेली लोकर जांभळ्या डागांची झाली. घोंगड्यांना बुरशी धरली. विणणारे हात तेच होते, उठायची वेळ तीच होती. पण खालच्या वेशीतून माल आत जाईपर्यंत बाजार उठलेला असे. गिरजाला ओलीने खोकला जडला. कितीतरी मेंढ्या मेल्या आणि प्रत्येक मेंढी पुरताना बिरोजी सासऱ्याकडे पाहून म्हणे, “झाली का खात्री? की अजून एक हवी?”

वर दोरवाल्यांना नदीच्या डोहाचे स्वच्छ पाणी मिळाले. त्यांचा वाख पांढरा निघू लागला. दोर पहाटे बाजारात पोहोचू लागले आणि विहिरींवर, नावांवर, गोठ्यांत सगळीकडे तेच दिसू लागले. पोवळीने वरच्या घराला जोडून आणखी एक दगडी जोते घातले. ते घालताना तिला खालच्या वस्तीतला खोकला ऐकू येत नव्हता, पण आठवत होता. ती अधूनमधून दूध पाठवी. हैबतीची माणसे ते घेत आणि आभार मानत नसत.

पुन्हा तुळेचा दिवस आला. आता प्रधान काय बोलतो याकडे हैबतीचे लक्ष होते. त्याला वाटले होते, माणूस निदान अडखळेल.

प्रधान अडखळला नाही. तो खणखणीत आवाजात म्हणाला, “महाराज, दोघांना आपण सारखंच दिलं. दोरवाले कष्टाळू, ते वर आले. घोंगडीवाले आळशी झाले, ते खाली गेले. यात राज्याचा काय दोष? ते तळं मात्र आता बुजवावं. असल्या आळशांना तळं हवं कशाला?”

आणि त्याने रेशमी शेला पोवळीपुढे धरला.

पोवळीने हात मागे घेतले. “गेल्या सुगीला मी आळशी होते, प्रधानजी. या सुगीला कष्टाळू झाले. मधल्या दिवसांत मी एकच केलं, बिऱ्हाड हलवलं. शेला द्यायचाच तर त्या उताराला द्या.”

हैबती तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. वर्षभराचा राग त्याच्या आवाजात होता. “महाराज, आम्हा दोघांना समोरासमोर उभं करून इतकी वर्षं तोललं गेलं. तिला मी खाली ढकलतोय असं मला कधी वाटलं नाही, कारण माझ्या अंगावर रेशीम होतं. आम्हाला जागा कुणी दिली, वेशी कुणी ठरवल्या, ते एकदाही या तुळेत घातलं नाही. यापुढं आमच्यातलं कुणी या दिवसाला उभं राहणार नाही. वेठीला धरा, हाकलून द्या, पण दुसऱ्याला हिणवण्यासाठी आमचं कौतुक करू नका.”

राजा प्रधानाकडे वळला. इतकी वर्षे आपण मान डोलवली, हे त्याला आता बोचत होते.

“प्रधानजी, खालच्या वेशीची वेळ कुणी ठरवली?”

“मीच, महाराज.”

“आणि मोऱ्यांचं पाणी दुसरीकडे का वळवलं नाही?”

“ते काम फार अवघड आहे, महाराज. पिढी जाईल.”

राजाने त्याच दिवशी वेठबिगार बंद केली आणि तुळेचा दिवसही. दोन्ही वेशी पहाटे उघडाव्यात असा हुकूम निघाला. दोन्ही जमातींनी उतार आणि डोह वाटून घ्यावा असे ठरले. प्रधानाला राजाने पदावरून काढले नाही. त्याला फक्त बायकामुलांसह खालच्या वस्तीत राहायला पाठवले, तळ्याच्या अगदी काठाला.

पिढीचे ते काम पुढच्या पावसाआधी पुरे झाले.

हैबतीच्या मेलेल्या मेंढ्या काही परत आल्या नाहीत. बिरोजी पुन्हा कधी त्याच्या पंगतीला बसला नाही. पण वरच्या उतारावर घोंगडीवाल्यांच्या आणि दोरवाल्यांच्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या, आणि कोण कुणापेक्षा वर आला हे विचारणाऱ्याला तिथे कुणी पाणीसुद्धा देत नसे.

तात्पर्य: दोन पाहुण्यांची ताटे तोलून त्यांतला आळशी शोधू नका, आधी वाढणाऱ्याचा हात तपासा.