ताईच्या तोंडचं वाक्य

“…आणि दार उघडल्यावर ती काय म्हणते?”

“तेच तर विचारायला आलोय, बाई.”

कमलिनीबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. पान अर्धंच लिहिलेलं होतं. भाऊ येतो, दार वाजवतो, बहीण दार उघडते. पुढे कोरं.

समोर सतरंजीवर मालिका लिहिणारा श्रीरंग दातीर बसला होता. अठरा वर्षांत त्याच्या चारच मालिका आल्या, पण टीव्हीच्या जगात त्याचं नाव आदरानं घेतलं जाई. त्याच्याकडे आरडाओरडा नसे, कानठळ्या बसवणारं संगीत नसे. एक खोली, दोन माणसं, आणि कॅमेरा बोलणाऱ्यावर नाही, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. नवे लेखक त्या शांततेला त्याच्याच नावानं ओळखत.

ती शांतता तो शिकला होता हरिपूरच्या याच घरात. बाईंनी तीस वर्षं रेडिओवर श्रुतिका बसवल्या होत्या.

“उद्या सकाळी शेवटच्या भागाचं शूटिंग आहे,” तो म्हणाला. “सगळं युनिट थांबलंय. चाळीस दिवस झाले, हे एक वाक्य सुचत नाही. तिनं माफ केलं तर खोटं वाटतं. हाकलून दिलं तर नाटकी वाटतं. गप्प राहिली तर लोक म्हणतील, दातीरनं पुन्हा तेच केलं.”

“लोक…” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी खालच्या कागदावर बोट ठेवलं.

“ही बहीण कोण?”

“पात्र आहे, बाई. मालिकेतलं.”

“वैजू कशी आहे?”

श्रीरंगनं मान खाली घातली.

वैजयंती त्याची थोरली बहीण. तासगावला दिलेली. तिची तीन महिन्यांची मुलगी तापानं गेली, तेव्हा ती काही दिवस माहेरी आली होती. वाळलेल्या साड्यांच्या घड्या घालता घालता तिनं धाकट्या भावाला एक गोष्ट सांगितली. बाळाजवळ जागं राहायचं होतं, आणि तिचा डोळा लागला. उठली तेव्हा बाळ गार पडलं होतं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांनी ते टीव्हीवर आलं. साड्या, घड्या, शब्द न् शब्द. नऊ मिनिटांचा प्रसंग. त्या नऊ मिनिटांनी श्रीरंग दातीर मोठा झाला.

तासगावात तेव्हा घरची सगळी जेवायला बसली होती. कुणीच टीव्ही बंद केला नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. वैजयंती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

“नाव बदललं होतं मी,” तो पुटपुटला.

“ऊठ.”

“काय?”

“बाहेर जा. मी दार लावते. वाजव.”

“बाई, तालमी करायचं वय राहिलं नाही माझं.”

“वाक्य हवंय ना?”

तो बाहेर आला. आतून कडी लागली.

भर दुपार होती. त्यानं दार वाजवलं.

काही नाही.

पुन्हा वाजवलं. “ताई, मी आलोय.”

काही नाही.

खिशातला फोन थरथरला. त्यानं तो बंद केला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शर्ट पाठीला चिकटला. शेजारच्या अंगणात मिरच्या वाळत घालणारी बाई हातातलं काम थांबवून बघत राहिली.

“बाई, पुरे झालं. उघडा.”

आत भांडंसुद्धा वाजलं नाही.

त्याचा तोल गेला. त्यानं मुठीनं दार बडवलं.

“अकरा वर्षं! किती शिक्षा देशील? तुझं दुःख मी जगापुढे नेलं, ताई! बायका रडल्या ते बघून. मला पत्रं आली, आमचंही असंच झालं म्हणून. वाईट केलं का मी?”

…

हात दुखायला लागला, तेव्हा तो थांबला. खांदा दाराला टेकला. आवाज खाली आला.

“मला माहीत होतं, ताई. लिहितानाच माहीत होतं, तुझ्या घरी सगळे बघतील. तुला विचारायला एकदा फोन उचललाही होता. पण तू नको म्हणाली असतीस… म्हणून खाली ठेवला.”

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यानं पुसलं नाही.

आतून बाईंचा आवाज आला. अगदी शांत.

“कॅमेरा कुठे लावलायस?”

श्रीरंग जागच्या जागी थिजला.

त्याचं तोंड दाराकडे नव्हतं. बोलता बोलता तो हळूहळू वळला होता. डावा गाल उन्हात होता. हनुवटी थोडी वर.

त्यानं हनुवटी खाली आणली.

“…डावीकडे,” शेवटी तो म्हणाला. “खांबाच्या आडून.”

कडी निघाली. बाई दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी धीरही दिला नाही. नुसतं पाणी पुढे केलं.

पाणी पिऊन त्यानं फोन सुरू केला. लगेच वाजला. पलीकडे मालिकेचा दिग्दर्शक होता.

“सर, वाक्य आलं?”

“नाही. तो प्रसंग काढून टाका.”

“काढून? मग संपवायचं कुठे?”

“भाऊ बहिणीच्या गावच्या एसटीत चढतो, तिथे.”

“सर, लोक सहा महिने या भेटीची वाट बघताहेत. चॅनेल ऐकणार नाही.”

“मग माझं नाव काढा. भेट दाखवायची नाही.”

त्यानं फोन ठेवला. कागद उचलला, फाडला आणि वहाणा पायात सरकवल्या. तासगाव तिथून पाऊण तासावर. येताना तासगावच्या वळणावर त्यानं गाडीचा वेग वाढवला होता.

पायरी उतरून तो थांबला. या वेळी बाईंकडे सरळ वळला.

“बाई… तिनं दारच उघडलं नाही तर?”

“तर ते मलाही येऊन सांगू नकोस.”