शलाकेचे मिटलेले ओठ

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांची भाषा बोलत आणि माणसं मात्र एकमेकांवर खेकसत, रणधवल नावाचा राजा होता. त्याच्या बोटात एक अंगठी होती. ती घालून तो जे फर्मावी, ते घडे. पूर आलेल्या नदीला त्याने 'मागे हट' म्हटलं, नदी हटली. टोळधाडीला 'चालती हो' म्हटलं, धाड गेली. अशा माणसाला घरात नकार ऐकायची सवय कशी असणार?

त्याची एकुलती एक लेक शलाका पंधरा वर्षांची झाली. एके सकाळी ती म्हणाली, "मी उद्यापासून घोडेस्वारी शिकायला जाणार नाही."

"का?"

"नाही जाणार."

"आळशी! तुझ्या वयाचा असताना मी दोन गड घेतले होते."

"घेतले असतील! आबा, तुम्ही एकदा तरी माझं..."

"तोंड बंद कर!" राजाने चौरंगावर हात आपटला.

त्याच हातात अंगठी होती. शलाकेचे ओठ कणकेसारखे एकमेकांत मिसळले आणि नाकाखाली नुसती गुळगुळीत कातडी उरली. राजाने शंभरदा फर्मावलं, "उघड! उघड!" एकदा दिलेला हुकूम अंगठीला फिरवता येईना, तोंड उघडेना. अंगठीही बोटातून निघेना. राजवैद्य म्हणाले, "महाराज, पाण्यावाचून तीन दिवस. फार तर चार."

राजा तलवार उपसून डोंगरावर धावला. अंगठी देणारी चेटकीण भैरमा तिथे राही.

"थेरडे, तुझा शाप मागे घे, नाहीतर डोकं उडवीन!"

भैरमा शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "उडव. मग लेकीशी बोलायचं कसं ते कोण शिकवील? हुकूम तुझा आणि शाप माझा होय रे? तीन कामं कर. तिच्या दारावर थाप मार आणि ती 'या' म्हणेपर्यंत आत पाऊल टाकू नको. मग 'मी चुकलो' म्हण. त्यापुढे 'पण' आला तर फुकट. मग तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर ठेव आणि ते बुडेपर्यंत तिचं मुकाट्याने ऐक. ही साळुंकी ने. पोरीच्या मनातलं ही बोलेल."

"ही काय कामं झाली? मी सात शहरांच्या वेशी फोडल्यात!"

"फोडायचंच येतं तुला."

राजाने साळुंकी खिडकीतून आत सोडली आणि लेकीच्या दारावर थाप मारली. आतून साळुंकी बोलली, "जा म्हणतेय." राजाच्या कपाळाची शीर ताडताड उडाली. किल्ली कमरेलाच होती. एका लाथेत दार कोसळलं असतं. दात खात तो परत फिरला. तासाने पुन्हा आला. पुन्हा 'जा'. असा एक दिवस गेला, दुसरा अर्धा गेला, तेव्हा कुठे आतून आलं, "या."

"मी चुकलो," राजा म्हणाला, "पण तूही..." त्याच्या तोंडातून गांधीलमाशी निघाली आणि त्यालाच डसली. "मी चुकलो, पण बापाचं काळीज..." दुसरी डसली. मंडळी, दुकानात आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला आपण 'काय हवंय' विचारतो. घरच्या पोराला मात्र 'काय केलंस' विचारतो, आणि वर म्हणतो, हे प्रेमापोटी! राजाला अकरा माश्या डसल्या. बाराव्या खेपेला, सुजलेल्या ओठांनी तो एवढंच म्हणाला, "मी चुकलो." आणि जीभ चावून थांबला.

तिसरा दिवस उजाडला. शलाकेला मान धरवेना. पात्र पाण्यावर ठेवलं आणि साळुंकी तिच्या आवाजात बोलू लागली.

"आबा, मला तुमचा राग येतो. प्रश्न तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. घोडेस्वारी शिकवणारे खड्गसिंह रोज सगळ्यांसमोर माझ्या अंगाबांध्याबद्दल बोलतात. मुलं हसतात. भांडणाच्या आदल्या दिवशी तर त्यांनी..."

राजा ताडकन उठला. "त्या हरामखोराची जीभ छाटतो!"

पात्र बुडायला दोनच बोटं उरली होती. साळुंकी गप्प झाली. शलाका दाराकडे पाहत होती, बाप जाणार त्या दाराकडे.

"म्हणूनच सांगितलं नव्हतं," साळुंकी म्हणाली.

राजाने दाराकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मग त्याने तलवार खिडकीबाहेर फेकली, पात्र रिकामं करून पुन्हा पाण्यावर ठेवलं आणि बसला. राग त्याने गिळला नाही. मांडीवर घेऊन बसला. शलाकेने सगळं पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला जास्त सांगितलं. काही राजाबद्दलच होतं, आणि ते सगळ्यांत जास्त झोंबलं. तो हलला नाही.

पात्र बुडालं. अंगठी काळी पडून गळाली. राजाने विचारलं, "आता मी काय करू?"

शलाकेचे ओठ उकलले. "आधी पाणी द्या."

राजाने स्वतःच्या हाताने पाजलं. "मग?"

"मग दरबारात चला. बोलणार मी. तुम्ही शेजारी उभे राहा."

भरल्या दरबारात शलाका उभी राहिली आणि एकेक गोष्ट सांगत गेली. राजाच्या मुठी आवळलेल्या होत्या, डोळे लाल झाले होते. तोंडातून अक्षर नाही. हसणाऱ्या मुलांनीच साक्षी दिल्या. पंचांनी खड्गसिंहाला सूर्य मावळायच्या आत हद्दपार केलं. दरबार रिकामा झाला.

शलाका वळून म्हणाली, "आबा, आता ओरडा हवं तर."

राजा असा गर्जला, की घुमटावरची कबुतरं उडाली. ती परतण्याआधीच त्याच्या जोडीला शलाकाही ओरडली, त्याच्याहून मोठ्याने.