बेटावरची एकच खिडकी

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही एखाद्या बेटावर जायचं ठरवलं. प्रवासकंपनीचे रणदिवे चकचकीत फोटो दाखवत होते. मला सारखा संशय येत होता, पण जन्मभर भूगोल शिकवूनही विचारायचा धीर होईना.

"आजच सही करा, सर. नंतर बदल होत नाही."

मी पेन उघडलं, तेवढ्यात माझी बायको शरयू म्हणाली, "मी रोज उगवत्या सूर्याला अर्घ्य देते. खोलीतून दिसेल ना?"

"अगदी समुद्रातून वर येताना, काकू."

"आणि मावळताना?"

"त्याच खिडकीतून, समुद्रात बुडताना."

"म्हणजे तिथे सूर्यसुद्धा आल्या वाटेनं परत जातो," शरयू पिशवी उचलत म्हणाली. "मग आम्हीही तसंच करतो. चला हो."

मी पेनाला टोपण लावलं.